आईसाठी आखलेलं राजांगण

मी एक जुना नमुना आहे. हसलात ना? हसा, खुशाल हसा! वर्गात एखाद्या वात्रट मुलाला बाई 'काय नमुना आहे' म्हणतात, तसला मी नव्हे. मी घराचा नमुना आहे. पुठ्ठ्याचं, काड्यापेटीतल्या काड्यांचं आणि डिंकाचं एक चिमुकलं घर. माझ्यात मुंगीलासुद्धा वाकून चालावं लागेल, पण मित्रांनो, एके काळी माझ्यात एक अख्खं कुटुंब राहायला येणार होतं. आलं नाही. का आलं नाही, तेच सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारामागच्या एका भाड्याच्या खोलीत झाला. गौरवीने मला घडवलं. ती तेव्हा घरं आखायचं शिक्षण घेत होती, शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या डोक्यात झोपेतसुद्धा भिंती उभ्या राहायच्या. तिचे पप्पा जयवंत, एका हायस्कुलाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आई अनुसया घरी ब्लाउज शिवायची. मूळची ही माणसं पेडण्यातल्या हळर्ण गावची. पण जयवंत नोकरीसाठी डिचोलीला आले आणि गावचं घर धाकट्या भावाच्या, बाबलीच्या हाती राहिलं.

जयवंतांनी आयुष्यभराच्या पगारातून एक जागा घेतली होती. जागा कसली, दोन इमारतींच्या मधली फट म्हणा! डाव्या हाताला तीन मजली भिंत, उजव्या हाताला तीन मजली भिंत, आणि मध्ये आगगाडीच्या डब्यासारखी लांबट, अरुंद पट्टी. पुढे गल्ली, मागे ओहळ. कुणी गिऱ्हाईक मिळत नव्हतं म्हणूनच ती यांना मिळाली. सगुण कंत्राटदार जागा बघायला आला, त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि म्हणाला, "जयवंतमामा, हंय घर नाय, बोगदो होतलो!"

गौरवीला तो शब्द असा लागला की तिने त्याच आठवड्यात मला करायला घेतलं.

माझ्या भिंती पंख्याच्या खोक्याच्या. त्यांवर तिने लाल रंगाने चिऱ्यांच्या रेघा मारल्या, कारण खरं घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचंच व्हायचं होतं, बाहेर गिलावा नाही, आत थंडावा. माझं छप्पर लाटालाटांच्या पुठ्ठ्याचं. खऱ्या छपरावर हळर्णच्या मोडलेल्या गोठ्याची जुनी कौलं बसायची होती. आणि माझ्या पोटात, अगदी मधोमध, एक चौकोनी भोक. वर आकाश, खाली फरशी. गौरवीने त्याच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं, 'राजांगण'.

आमच्याकडे मोठमोठ्या जुन्या घरांना मध्ये असं उघडं अंगण असतं, त्याला राजांगण म्हणतात. पण एवढ्याशा बोगद्यात राजांगण? मित्रांनो, हीच तर तिची हुशारी होती! दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, खिडकी काढणार कुठे? मग उजेड वरून घ्यायचा. घरातली गरम हवा राजांगणातून वर निघून जायची, ओहळाकडची गार हवा मागच्या दारातून आत यायची. चारही उतारांचं पावसाचं पाणी राजांगणात पडायचं आणि फरशीखालच्या टाकीत साठायचं. पंखा कमी, दिवा कमी, नळाची वाट बघणं कमी. फार मोठं काही नाही, पण सगळं विचार करून केलेलं.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस आता सांगते, नाही, सांगतो. (गौरवीच्या हातात वाढलो, तिची बोलायची सवय लागली!) दुपारची वेळ होती. त्या भाड्याच्या खोलीत दार लोटलं की दुपारीही काळोख. गौरवीने मला जमिनीवर ठेवलं, मोबाईलची बॅटरी पेटवली आणि ती माझ्यावरून हळूहळू फिरवायला लागली.

"आये, बघ. हो सूर्य. आता सकाळ झाली."

उजेड माझ्या राजांगणात उतरला आणि तिथून स्वयंपाकघरात शिरला. मग मधल्या खोलीत. मग जिन्याखाली. एकाही खोलीला त्याने चुकवलं नाही.

अनुसया शिवण बाजूला ठेवून माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली.  तिचं दुखणं एकच होतं, धाग्याचा रंग. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. मरून कापडाला मरून म्हणून धागा लावावा, आणि गिऱ्हाइकाने उन्हात नेऊन बघावं तर तो चॉकलेटी! प्रत्येक ब्लाउजासाठी ती कापड आणि रीळ घेऊन गल्लीत जायची, उन्हात धरून जुळवायची, परत आत यायची. गल्लीतली पोरं तिला 'रंगकाकी' म्हणायची. चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता.

तिने डब्यातलं एक रिकामं रीळ काढलं आणि माझ्या राजांगणाच्या कडेला, जिथे उजेडाचा सगळ्यात जाड पट्टा पडला होता, तिथे ठेवलं.

"माजी मशीन हंय ठेव गो," ती म्हणाली. "दुसरां माका काय नको."

"दुसरां काय नको? कपाट नको? शोकेस नको?"

"तुज्या पप्पांक इचार शोकेस. माका उजेड पुरे."

जयवंतही तेव्हा हसले. घरी येईल त्याला ते मला दाखवायचे. "आमच्या चेडवाने केलां," असं लेकीच्या अभिमानाने म्हणून टोपी काढल्यासारखं माझं छप्पर उचलायचे. शेजारी, शाळेतले मास्तर, सगळे माझं कौतुक करायचे. मी तर फुगून टम्म झालो होतो. पुठ्ठा फुगतो तो नुसत्या दमटपणाने नव्हे, मित्रांनो!

मग बाबली आला.

तो हळर्णहून आला तो नारळ, तवशी म्हणजे गावठी मोठ्या काकड्या, आणि एक विचार घेऊन. त्याने चहा घेतला, मला चारी बाजूंनी बघितलं, आणि माझ्या राजांगणात बोट घातलं.

"दादा, ह्यां भोक कित्याक?"

"राजांगण तां. उजेड येवचो म्हणान."

"आणि पाऊस?"

"तोय येतलो. खाली टाकी आसा."

बाबलीने कप खाली ठेवला. "मगे दादा, एक सांगू? गावच्या घराचां काय खरां नाय. औंदा पडवी गळली, फुडल्या वर्सा देवावर गळतलां. मी तुका सांगूकच येयलंय. तू नवीन घर बांधतस, तर गणपती तुज्याकडे हाड. तू थोरलो. मान तुजो."

मित्रांनो, तुम्ही गोव्याचे नसाल तर तुम्हाला कळायचं नाही या वाक्याचं वजन किती होतं. आमच्याकडे चवथीला सगळे भाऊ, चुलते, त्यांची पोरंबाळं मूळ घरी जमतात. गणपती एकच, मूळ घरचा. जयवंत थोरले असूनही दर वर्षी धाकट्याच्या घरी पाहुण्यासारखे जायचे. पिशवी घेऊन जायचे आणि पिशवी घेऊन परत यायचे. आरतीला कापूर बाबली लावायचा. आता तोच म्हणत होता, गणपती तुझ्या घरी आण, मान तुझा! जयवंतांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, बॅटरी पुन्हा पेटवली की काय.

"पण माटोळी खंय बांधतलस?" बाबलीने पुढचा प्रश्न टाकला.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, कंदमुळं, सुपारीचे घड, नाना तऱ्हेची पानं बांधायची. ती बांधायला वर छत लागतं आणि खाली जागा लागते. चवथ येते भर पावसाळ्यात. "त्या भोकात देव भिजत बसतलो काय?" बाबली म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्याच संध्याकाळी जयवंतांनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, चौकोनी घडी घातली आणि माझ्या राजांगणावर ठेवून दिलं. माझ्या आत एकदम काळोख झाला.

"हंय स्लॅब घालया," ते म्हणाले. "मोठी साल होतली. सगळे बसतले."

साल म्हणजे बैठकीची खोली. गौरवी उसळली. "पप्पा! दीड दिवस देव येता, त्याच्यासाठी अख्खां वर्स काळोखात?"

"दीड दिवस देव येता, म्हणानच बाकीचे दिवस घर उभां ऱ्हवता. कॉलेजात ह्यां शिकयत नाय काय?"

"आणि आयेची मशीन?"

"एका जागेर दोन ट्यूब लावया. तीन लावया! उजेडाक काय कमी?"

गौरवीने आईकडे बघितलं. मीही बघितलं. अनुसयेने एक शब्द बोलायला हवा होता, एकच. पण ती सुईत दोरा ओवत होती. ओवला जाईना, तो तिने ओठांनी ओला केला, पुन्हा ओवला.

"ऱ्हवांदे गो," ती म्हणाली. "देवाच्या आड मी खंय येव? माजां काय, मी खंयय बसान."

झालं. माझा निकाल लागला.

घर बांधलं गेलं. बेळगावकडचे गवंडी आले, सगुण कंत्राटदार आला. चिऱ्यांवर गिलावा बसला, कारण 'सालीक शोभा होयी'. कौलं गोठ्यातच राहिली. पाण्याच्या टाकीच्या पैशांत स्कूटर आली. आणि जिथे आकाश यायचं होतं तिथे स्लॅब पडला. त्यात माटोळीसाठी चार लोखंडी कड्या मात्र जयवंतांनी स्वतः उभं राहून बसवून घेतल्या, ओळंबा लावून. मला नव्या घरात आणलं आणि कपाटावर ठेवलं. तिथून मला सगळं दिसायचं. घराच्या नमुन्याने खऱ्या घराकडे बघत बसायचं आणि मोजत बसायचं, काय काय राहिलं! असली शिक्षा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

श्रावण लागला. जयवंत हळर्णला गेले. गणपती हलवायचा तर गावच्या देवीचा कौल घ्यावा लागतो. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जयवंतांनी कंत्राटदाराला विचारलं होतं, बँकेला विचारलं होतं, नगरपालिकेला विचारलं होतं, भावाला विचारलं होतं. देवीला विचारायचं राहिलं होतं! ती काय नाही म्हणणार आहे, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं.

पाकळी डावी पडली.

पुन्हा लावली. पुन्हा डावी. गणपती मूळ घरातून हलायचा नाही.

जयवंत परत आले, चपला काढल्या आणि त्या मोठ्या सालीत मधोमध जमिनीवर बसले. वर बघत राहिले, त्या चार कड्यांकडे. तिन्ही ट्यूब चालू होत्या. बाहेर ऊन पडलं होतं, पण ते बाहेरच.

"कौल आदी लावूक होयो होतो," ते शेवटी म्हणाले.

अनुसया मशीनवर होती. पाय थांबले. ती कधी चढ्या आवाजात बोलायची नाही, तेव्हाही नाही बोलली.

"देवाक ती जागा नको होती," ती म्हणाली. "माका होयी होती."

आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं काही नाही. बाबलीने गावच्या पडवीवर पत्रे घातले आणि चवथ तिथेच होत राहिली. इथे दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला, म्हणून त्याच्यावरही पत्रे आले. पाऊस पत्र्यांवर असा ताशा वाजवायचा की अनुसयेला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू जायचं नाही. मार्चपासून पंखा गरम हवा फेकायचा. रीळ हातात घेऊन ती पूर्वीसारखीच गल्लीत जायची, पण आता गल्लीतली पोरं मोठी झाली होती आणि रंगकाकी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आणि मी? माझ्यावर धूळ बसली. माझ्या स्वयंपाकघरात पालीने अंडी घातली. एकदा साफसफाई करताना जयवंतांनी मला उचललं, कचऱ्याच्या पिशवीपर्यंत नेलं, आणि पुन्हा कपाटावर ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं नाही. मला वाटतं, त्यांना बघवत नव्हतं.

गौरवीला पणजीत घरं आखणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली. एके दिवशी ती धावत घरी आली, मला पुसलं, पालीची अंडी काढली, आणि पिशवीत घातलं. माझं काळीज धडधडायला लागलं. (पुठ्ठ्याला काळीज नसतं म्हणता? मग ऐकता कशाला!)

ऑफिसात काचेच्या टेबलावर मला ठेवलं. समोर दूरच्या शहरातले एक साहेब आणि त्यांच्या मॅडम. त्यांना 'अस्सल गोव्याचं' घर हवं होतं. गौरवीने खिडकीचा पडदा ओढला, मोबाईलची बॅटरी पेटवली आणि सूर्य फिरवला. तोच सूर्य, तीच चाल.

साहेब खुर्चीतून उठले. "बस! यही चाहिए. ये बीचवाला!"

मॅडम म्हणाल्या, "कितना क्यूट है!"

माझी इतकी स्तुती आयुष्यात कुणी केली नव्हती. आणि मित्रांनो, जागा कुठे होती सांगू? हळर्णला. जयवंतांच्या मूळ घरापासून हाकेच्या अंतरावर, जिथे पूर्वी काजू होते.

तिथे मी उभा राहिलो. माझ्यापेक्षा कितीतरी पट मोठा, पण अंगाने मीच. चिऱ्यांच्या उघड्या भिंती, जुनी कौलं, पावसाच्या पाण्याची टाकी आणि मधोमध राजांगण. दगडी बाक, त्यावर पांढरी गादी, कोपऱ्यात चाफा. जे जे गौरवीने आईसाठी आखलं होतं, ते सगळं. मला काचेच्या पेटीत घालून राजांगणासमोर ठेवलं आणि पेटीवर ऑफिसचं नाव लिहिलं. गौरवीचं नाही.

साहेब वर्षातून एकदा येतात, नाताळ ते नवीन वर्ष. उरलेले सगळे महिने कुलूप. धाकू नावाचे गावातलेच राखणदार रोज येतात, चाफ्याला पाणी घालतात, बाक पुसतात आणि जातात. ऊन सकाळी येतं, बाकावर बसतं, सरकत सरकत भिंतीवर चढतं आणि निघून जातं. त्याच्या उजेडात कुणी काही करत नाही.

गेल्या वर्षी चवथीच्या आधी दोन दिवस जयवंतांचं कुटुंब नेहमीसारखं गावाला आलं. गौरवी आईला घेऊन हे घर दाखवायला आली. धाकूंनी दार उघडलं. "येवा वैनी, येवा! तुमच्या चेडवाने बांधलेलां, बघा तरी!"

अनुसया उंबऱ्यात थांबली. मग चपला हातात घेऊन आत आली. तिने काचेतल्या मला ओळखलं. काचेवर बोट ठेवलं. मग राजांगणात गेली.

पाऊस नुकताच थांबला होता आणि स्वच्छ, धुतलेलं ऊन पडलं होतं. चवथीची गिऱ्हाइकं म्हणजे तिची पिशवी कायम बरोबर. ती बाकावर बसली, पिशवीतून एक ब्लाउज काढला, रिळं काढली आणि एकेक कापडाला लावून बघायला लागली.

"गो, ह्यां बघ! ह्यां मरून नायच. ह्यां जांभळाच्या रंगाचां! मी घरी भलतोच धागो काढून ठेवलंय!" ती लहान मुलीसारखी हसली. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग तिने सुई हातात घेतली. दोरा पहिल्याच खेपेला ओवला गेला. ती हातशिलाई घालायला लागली, आणि गौरवी खांबाला टेकून बघत राहिली. मला वाटलं, झालं! उशिरा का होईना, माझं घर राहतं झालं.

तेवढ्यात धाकूंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाय, सायब... तांका थंयसून दिसता सगळां. ती बाय कोण इचारतत."

गौरवीने फोन घेतला. "सर, मी गौरवी. हो सर. डिझाइन मीच..."

फोनमधला आवाज राजांगणात सगळ्यांना ऐकू येत होता. राजांगणात आवाज छान घुमतो. "मॅडम, आप कभी भी आइए, आपका ही घर है. लेकिन कामवालों को अंदर मत बिठाइए. गद्दी खराब होती है."

बोल ना! मी पेटीतून ओरडत होतो. सांग, ती माझी आई आहे! सांग, हे घर तिच्यासाठी आखलेलं! गौरवीचे ओठ हलले. ऑफिसात तिच्या हातात तेव्हा याच साहेबांच्या मित्राचा बंगला होता.

"जी सर," ती म्हणाली.

अनुसयेला हिंदी कळते. तिने घातलेला टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. ब्लाउज अर्धाच झाला होता. तिने त्याची घडी घातली, रिळं पिशवीत टाकली आणि गादीवर जिथे बसली होती ती जागा हाताने साफ केली.

"चल गो," ती म्हणाली. "पाऊस येतलो."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

त्यानंतर ती आली नाही. मूळ घरच्या आरत्या तेवढ्या मला काचेतून ऐकू आल्या.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा आहे, मला उपदेश शोभत नाही. पण एक विनंती करतो. तुमच्या घरी कधी नवं घर आखायला घेतलं, तर पाहुणे कुठे बसतील, देव कुठे बसेल, लोक काय म्हणतील, हे सगळं नंतर बघा. आधी हे बघा, की त्या घरात दिवसभर कोण असणार आहे. त्या माणसाला समोर बसवा आणि विचारा, तुला काय हवं? आणि ते माणूस जर म्हणालं, 'माझं काय, मी कुठेही बसेन,' तर त्याचं ऐकू नका. अजिबात ऐकू नका.